गेटच्या आतला रस्ता : घाटमाथ्यावरच्या बंगलो स्कीमसाठी

लोणावळा, मुळशी, पाचगणी, इगतपुरी या पट्ट्यातल्या बंगलो स्कीममध्ये गेटबाहेरचा रस्ता जिल्हा परिषदेचा नाहीतर बांधकाम खात्याचा असतो. आतला प्लॉटधारकांचा. बिल्डरने विक्रीच्या दिवसांत वीस मिलिमीटरचं कारपेट, म्हणजे डांबर-खडीचा पातळ थर, टाकून दिलेलं असतं, ते दोन-तीन पावसाळे तग धरतं आणि मग वर्षाच्या सभेत एकच प्रश्न उरतो: पुन्हा डांबर की आता काँक्रीट? हा प्रश्न चुकीच्या टोकाकडून विचारलेला आहे. महाबळेश्वराला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, आणि तोही बहुतेक चार महिन्यांत. अशा ठिकाणी रस्ता आधी पाण्याने सुटा होतो, गाड्या नंतर फक्त खड्डे मोठे करतात. त्यामुळे खर्चाचा क्रम असा ठेवा: आधी गटारं आणि मोऱ्या (रस्त्याखालून पाणी पलीकडे नेणारे पाइप), मग रस्त्याचा आकार, आणि वरचा थर सगळ्यात शेवटी.

कामाला हात घालण्याआधी एक कागद काढा. मंजूर लेआउटचा नकाशा आणि सातबारा शेजारी ठेवून रस्त्याचं क्षेत्र आज कुणाच्या नावावर आहे ते बघा. पुष्कळदा ते अजून बिल्डरच्याच नावावर असतं. रस्ते रीतसर हस्तांतरित झाल्याशिवाय ग्रामपंचायत त्यांवर खर्च करत नाही, आणि हस्तांतर केलं की रस्ता सार्वजनिक होतो, मग गेट लावून अडवता येत नाही. दोन्ही हवं असं चालत नाही. बहुतेक स्कीम गेट ठेवणंच पसंत करतात, आणि मग देखभाल सगळी आपल्याच अंगावर येते.

पाहणी पावसातच

रस्त्याची पाहणी जानेवारीत करून उपयोग नाही. जूनच्या शेवटी, चांगला झोडपणारा पाऊस चालू असताना छत्री आणि नकाशाची प्लॅस्टिकमध्ये घातलेली प्रत घेऊन गेटपासून शेवटच्या प्लॉटपर्यंत चाला. त्याआधी दर ५० मीटरवर कडेच्या दगडावर किंवा विजेच्या खांबावर ऑइलपेंटने आकडा घालून ठेवा, म्हणजे "तो आंब्याच्या झाडाजवळचा खड्डा" असल्या नोंदी होणार नाहीत.

बघायचं काय, तर पाणी रस्त्यावर किती लांब पळतंय. दहा-बारा मीटर चाकोरीतून पळून कडेला उतरलं तर ठीक. पन्नास मीटर रस्त्यावरूनच धावत असेल तर रस्ताच ओढा झालाय. पाण्याचा रंगही बघा. वरून डोंगरातून येणारं पाणी रस्त्याला लागेपर्यंत स्वच्छ आणि शंभर मीटर खाली लाल झालेलं असेल, तर मधल्या शंभर मीटरमधला मुरूम वाहून चाललाय. त्या दोन आकड्यांच्या मध्ये नकाशावर रेघ मारा. पाऊस थांबल्यावर अर्ध्या तासाने परत फिरा आणि जिथे पाणी अजून साचलंय तिथे गोल करा. या रेघा आणि गोल म्हणजेच पुढच्या वर्षीच्या कामाची यादी.

उतार मोजायला यंत्र लागत नाही. गवंडी वापरतात ती पारदर्शक पाण्याची नळी घ्या, रस्त्याच्या लांबीत १० मीटर अंतरावर दोन काठ्या उभ्या करा, पाणी स्थिर झाल्यावर दोन्ही काठ्यांवर जमिनीपासून पाण्यापर्यंतची उंची मोजा. दोन मापांत एक मीटर फरक आला तर चढ १० टक्के. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर माप खोटं येतं, म्हणून आधी दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी एका रेषेत येतंय का ते बघून घ्या.

आडवा उतार, म्हणजे मधला उंचवटा, त्याहून महत्त्वाचा. मुरमाच्या रस्त्याला या पावसात ४ ते ५ टक्के लागतो, डांबराला अडीच ते तीन, काँक्रीटला दोनच्या आसपास पुरतो. चार मीटर रुंद मुरमाच्या रस्त्यात मध्य कडेपेक्षा ८ ते १० सेंटीमीटर वर हवा. तपासायला दोन मीटरची सरळ फळी घ्या, तिच्या एका टोकाखाली ८ सेंटीमीटरचा ठोकळा खिळ्याने ठोका. ठोकळ्याचं टोक रस्त्याच्या कडेकडे, दुसरं मध्यावर ठेवून फळीवर स्पिरिट लेव्हल ठेवा. बुडबुडा मधोमध आला की ४ टक्के आला. ही फळी वॉचमनच्या केबिनमध्ये कायमची ठेवा. रोलर चालू असताना ती दर दहा मीटरवर लावून बघितली तर ठेकेदाराशी वाद घालायची वेळच येत नाही.

गटार

डोंगराकडच्या बाजूचं गटार हा या रस्त्याचा कणा आहे. तळ ३० सेंटीमीटर रुंद, वर पसरत गेलेलं, आणि तळ रस्त्याच्या कडेपेक्षा निदान ३० सेंटीमीटर खाली. ही खोली नुसत्या वरच्या पाण्यासाठी नसते. रस्त्याच्या पोटात मुरलेलं पाणीही त्यातच उतरायचं असतं. गटार उथळ राहिलं की वरून रस्ता कोरडा दिसतो आणि खालचा थर ऑक्टोबरपर्यंत ओला राहून टँकरखाली दबतो. लांबीतला उतार एक टक्क्यापेक्षा कमी ठेवला तर गाळ बसतो, पाच टक्क्यांच्या पुढे गेला तर मातीचं गटार स्वतःच खोल खणत जातं. तिथे तळाला आणि बाजूंना डबराचं पिचिंग, म्हणजे ओबडधोबड दगडांचं अस्तर, करा.

गटार बुजतं ते बहुतेक वेळा प्लॉटच्या गेटसमोर. प्रत्येकजण गाडी आत घेण्यासाठी गटारावर भराव टाकतो आणि खाली सहा इंची पीव्हीसी पाइप ढकलतो. सारख्याच उतारावर १५० मिलिमीटरच्या पाइपातून मोरीच्या ६०० मिलिमीटरच्या पाइपाच्या साधारण चाळिसाव्या हिश्श्याइतकंच पाणी जातं. त्यात सागाचं एक मोठं पान तोंडावर चिकटलं की ताटाचं झाकण बसल्यासारखं होतं. मग पाणी रस्त्यावर चढतं आणि पुढच्या तीन प्लॉटांसमोरचा रस्ता घेऊन जातं. नियम लेखी करा: गेटसमोर गटार बंद करायचं असेल तर किमान ४५० मिलिमीटरचा पाइप, नाहीतर वरून उचलता येतील असे काँक्रीटचे झाकण-स्लॅब. स्लॅब जास्त बरे, कारण पहारीने उचलून गाळ काढता येतो. आधीच बसवलेले बारीक पाइप बदलायला एका उन्हाळ्याची मुदत द्या, आणि खर्च ज्याच्या त्याच्या माथी. वाद होईल. या एका नियमाने जेवढा रस्ता वाचतो तेवढा नव्या डांबरानेही वाचत नाही.

चढावर आडचर

दहा टक्क्यांच्या चढावर मधला उंचवटा कितीही चांगला केला तरी पाणी कडेला जाण्याऐवजी उताराने खालीच धावतं. त्याला मध्येच वळवून रस्त्याबाहेर काढावं लागतं. त्यासाठी आडचर: रस्त्यात आडवा, मीटरभर रुंद, ८ ते १० सेंटीमीटर खोल, बशीसारखा काँक्रीटचा पन्हळ. गाडी त्यातून हळू निघून जाते, पाणी त्यातून वळतं. ५ टक्के उतारावर अंदाजे ४० मीटरला एक, १० टक्क्यांवर २५ मीटरला, १५ टक्क्यांवर १५ मीटरला. चर रस्त्याला काटकोनात घालू नका, साधारण ३० अंश तिरका घाला, म्हणजे पाणी वेग घेऊन बाहेर पडतं आणि आपला गाळ आपणच धुऊन नेतं. तिरका असला की गाडीची दोन्ही पुढची चाकं एकदम आदळतही नाहीत.

लोखंडी जाळी टाकलेला उभ्या भिंतींचा चर कागदावर नीटनेटका दिसतो, प्रत्यक्षात जाळीवर पाला अडकतो, टँकरखाली जाळी वाकते आणि एखाद्या रात्री भंगारात जाते. गेटजवळ, सपाटीवर, रोज झाडू फिरणाऱ्या जागी ती चालेल. चढावर बशीच बरी.

चराचं पाणी जिथे बाहेर पडतं तिथे दोन मीटर लांबीचं डबर-पिचिंग हवंच, नाहीतर दोन पावसाळ्यांत तिथे घळ तयार होते आणि ती मागे खात खात रस्त्यापर्यंत येते. पाणी खालच्या प्लॉटमध्ये सोडू नका. नैसर्गिक ओहोळ जिथे होता तिथे न्या. तो कुठे होता हे गावातली जुनी माणसं बोट दाखवून सांगतात, लेआउटच्या नकाशात तो पुष्कळदा पुसलेला असतो.

मोरी

ओहोळ रस्ता ओलांडतो तिथे ह्यूम पाइपची (सळई घातलेल्या काँक्रीटच्या पाइपाची) मोरी. व्यास ६०० मिलिमीटरपेक्षा कमी घेऊ नका. हिशोबाने त्याहून कमी पुरत असेल तरी, कारण माणसाला आत फावडं घालून गाळ ओढता आला पाहिजे. हिशोब असा: तासाला १०० मिलिमीटरच्या जोरदार सरीत एक हेक्टर डोंगरावरून सेकंदाला सुमारे १९० लिटर पाणी येतं, त्यातलं ३० टक्के जमिनीत मुरतंय असं धरून. ६०० मिलिमीटरच्या पाइपाच्या तोंडावर पाणी माथ्यापर्यंत आलं असताना तो सेकंदाला साधारण ३०० लिटर घेतो. म्हणजे एका पाइपाला दीड हेक्टर. वरचं पाणलोट क्षेत्र त्याहून मोठं असेल तर ९०० मिलिमीटरचा एक पाइप घ्या. ६०० चे दोन शेजारी घातले तर मधल्या जागेत ओंडके अडकतात.

एनपी-३ दर्जाचे, म्हणजे वाहनांचं वजन झेलणारे, पाइप अडीच मीटर लांबीत येतात. चार मीटरचा रस्ता आणि दोन्ही साइडपट्ट्या धरून तीन पाइप, साडेसात मीटर. लांबी वाचवायला दोनच टाकले की मोरीवर रस्ता अरुंद होतो आणि कड ढासळते. चर खणून तळाला १५ सेंटीमीटर मुरूम किंवा क्रश सँड ठोकून घ्या, दोन टक्के उतार द्या. साडेसात मीटरात तो १५ सेंटीमीटर होतो. जोडावर कॉलर येतात तिथे खाली खळगा करा, म्हणजे पाइप कॉलरवर न टेकता पूर्ण लांबीत टेकेल. भराव दोन्ही बाजूंनी सारखा, १५ सेंटीमीटरच्या थरांनी, पाणी मारून ठोकत आणा. एकाच बाजूने जेसीबीने ढकलला तर पाइप सरकतो. पाइपाच्या माथ्यावर ६० सेंटीमीटर भराव बसत नसेल तर पाइपाला काँक्रीटचा वेढा द्या.

दोन्ही तोंडांना दगडी बांधकामाची भिंत हवी. ती नसली की पाणी पाइपाच्या आतून जाण्याऐवजी बाहेरून, पाइपाला लागून मातीतून वाट काढतं. वरून काहीच दिसत नाही, आणि एका सकाळी मोरीवर परातीएवढा खड्डा पडलेला असतो, आत हात घातला तर पोकळ. वरच्या तोंडाशी पाइपाच्या तळापेक्षा ३० सेंटीमीटर खोल गाळखड्डा ठेवा. दगडगोटे त्यात बसतात, पाइपात जात नाहीत. जुलै-ऑगस्टमध्ये तो दर आठवड्याला उपसायचा.

मुरमाचा रस्ता

कमी रहदारीच्या, शेवटच्या आठ-दहा प्लॉटांकडे जाणाऱ्या फाट्यांना मुरमाचा रस्ता पुरतो आणि तो वाईट नसतो. वाईट असतो तो त्यात टाकलेला मुरूम. एक लिटरची पारदर्शक बाटली घ्या, तिच्यात एक तृतीयांश चाळलेला मुरूम, वर पाणी, चिमूटभर मीठ. खळखळून हलवून रात्रभर ठेवा. सकाळी खाली वाळू-कण, वर गाळ, त्यावर चिकणमाती असे थर दिसतात. गाळ आणि चिकणमाती मिळून पाव हिश्श्याच्या आसपास असली तर मुरूम बांधून बसतो. अर्धी असेल तर पावसात राड होते, त्यात २० मिलिमीटरची खडी मिसळा. जवळजवळ नसेलच तर उन्हाळ्यात तो सुटतो आणि रस्त्यावर पत्र्याच्या नाळ्यांसारख्या आडव्या लाटा उठतात, त्यात दहात एक भाग लाल माती मिसळा.

प्रमाण: चार मीटर रुंद, शंभर मीटर लांब, दबून १० सेंटीमीटर थर हवा असेल तर ४० घनमीटर. सुटा मुरूम तीस टक्के जास्त लागतो, ५२ घनमीटर, म्हणजे साडेअठरा ब्रास. गाडी गेटवर आली की हौद टेपने मोजा: लांबी, रुंदी, उंची फुटांत, गुणाकाराला शंभराने भागलं की ब्रास. १४ बाय साडेसात बाय साडेचार फुटांचा हौद काठोकाठ भरला तर पावणेपाच ब्रास होतो. ड्रायव्हर "सहा ब्रास" म्हणाला तरी वहीत पावणेपाचच लिहा. गौण खनिजाच्या रॉयल्टीचा पास गाडीबरोबर आलाय का तेही तिथेच बघा. आपल्याच प्लॉटमधला डोंगर कोरून मुरूम काढला तरी तहसीलदाराची परवानगी लागते.

खड्डे पडलेल्या मुरमाच्या रस्त्यावर नुसता मुरूम ओतून उपयोग होत नाही. खड्ड्याचा बुडखा घट्ट असतो, वरचा नवा मुरूम त्याला धरत नाही, पहिल्या सरीत निघून जातो. खड्डा आठ सेंटीमीटर खोल असेल तर सगळा पट्टा दहा सेंटीमीटर उकरा, जुना-नवा मुरूम एकत्र करा, पाणी मारा. मूठ दाबली की गोळा राहिला पाहिजे आणि तळवा नुसता ओलसर झाला पाहिजे, पाणी सुटता कामा नये. मग आकार द्या आणि ८ ते १० टनांचा रोलर कडेकडून मध्याकडे आणत सहा-आठ फेऱ्या मारा. मध्यापासून सुरुवात केली तर मुरूम कडेला सरकून उंचवटाच जातो. हे काम ऑक्टोबरच्या शेवटी, जमिनीत ओल असताना केलं तर निम्मं पाणी वाचतं.

जेसीबीवाल्याची एक सवय मोडावी लागते. तो बकेटने रस्ता सपाट खरवडतो आणि निघालेली माती दोन्ही कडांना वरंब्यासारखी सोडून जातो. दिसायला रस्ता गुळगुळीत. पण कडेचा तो वीतभर वरंबा पाण्याला गटारात उतरू देत नाही, आणि रस्त्याचा पाट होतो. वरंबा काढल्याशिवाय त्याचा तास संपला असं धरू नका.

डांबर

भेगा आधी वाचा. लांबच लांब एकटी भेग असेल तर ती साफ करून इमल्शन (पाण्यात मिसळलेलं पातळ डांबर) ओता, वर क्रश सँड भुरभुरवा, झालं. मगरीच्या पाठीसारखी जाळी असेल तर खालचा थर गेलाय, त्यावर कितीही कारपेट टाका, सहा महिन्यांत तीच जाळी वर उमटते. तो तुकडा खणून खालून बांधावा लागतो. कडा तुटत असतील तर डांबराचा दोष नाही, साइडपट्टी दोन-तीन इंच खाली गेली आहे. दरवर्षी तिथे मुरूम भरून दाबला की कड टिकते. स्वस्तात होणारं आणि हमखास विसरलं जाणारं काम.

खड्डा भरायचा तर कटरने किंवा छिन्नीने चौकोनी, उभ्या कडांचा कापा, घट्ट तळ लागेपर्यंत. सैल माती ब्रशने काढा, कोरडा करा. तळाला आणि चारही भिंतींना इमल्शनचा पातळ हात द्या. इमल्शन लावल्यावर चॉकलेटी दिसतं, ते काळं पडेपर्यंत थांबा. चॉकलेटी असतानाच माल भरला तर आत पाणी कोंडलं जातं आणि तुकडा उचलून येतो. माल पाच सेंटीमीटरच्या थरांनी, प्रत्येक थर प्लेट कॉम्पॅक्टरने ठोकून भरा, शेवटचा थर रस्त्यापेक्षा सेंटीमीटरभर वर. ६० बाय ६० सेंटीमीटर, साडेसात खोल अशा खड्ड्याला ५५ ते ६० किलो माल जातो. पावसात गरम माल चालत नाही, त्यासाठी पिशवीतला कोल्ड मिक्स (न तापवता भरायचा माल) गेटवर आठ-दहा पिशव्या ठेवा. पेव्हरचे तुकडे, विटा, बांधकामाचा राडारोडा खड्ड्यात टाकायची सवय असेल तर ती सोडा. कडक तुकडा चाकाखाली हातोड्यासारखा काम करतो.

नवं कारपेट टाकताना गरम माल व्हीजी-३० दर्जाच्या डांबराचा असेल तर पसरताना निदान १४० अंश हवा, आणि रोलिंग ९० अंशांखाली जायच्या आत संपलं पाहिजे. इन्फ्रारेड थर्मामीटर बंदुकीसारखा मिळतो, माल पोचला की गाडीच्या कडेला नाही, माल जरा उकरून आत धरा. प्लँट लांब असेल, घाटात ट्रॅफिक लागलं, तर थंड झालेला माल परत पाठवण्याचा अधिकार करारात लिहून घ्या. डिझेल मारून मऊ केलेला माल वासाने कळतो. आणि थरावर थर चढवत जाऊ नका. तिसऱ्या कारपेटनंतर रस्ता प्लॉटच्या जोत्यांवर चढतो आणि उंचवटा बुजून सपाट होतो. १५ मेनंतर डांबराला हात लावू नये.

काँक्रीट कुठे

दहा टक्क्यांच्या वरचा चढ, हेअरपिन वळण, आणि जिथे वर्षभर झरा पाझरतो ती जागा. या तिन्ही ठिकाणी डांबर टिकत नाही, काँक्रीट करा. बाकी सगळीकडे काँक्रीट करायची हौस खिशाला झेपत असेल तरच.

फक्त गाड्या असतील तर १५० मिलिमीटर जाडी, टँकर जात असतील तर १८०, काँक्रीटची ग्रेड एम-३०. शंभर मीटर लांब, साडेतीन मीटर रुंद, १८० जाडीला ६३ घनमीटर, म्हणजे सहा घनमीटरच्या ट्रान्झिट मिक्सरच्या दहा-अकरा फेऱ्या. मिक्सर गेटच्या कमानीखालून जातो का आणि चढ चढतो का हे आधी रिकाम्या गाडीने बघून घ्या. ऐनवेळी कळलं तर माल घमेल्यांनी वाहावा लागतो आणि तोवर तो घट्ट होतो. मग ड्रायव्हर पाइप लावून ड्रममध्ये पाणी सोडतो. ते होऊ द्यायचं नाही. पाणी घातलेलं काँक्रीट चढावर खाली ओघळतं, वर नुसती सिमेंटची मलई येते आणि पहिल्याच वर्षी तिचे पापुद्रे सुटतात. चढासाठी स्लम्प (काँक्रीट किती पातळ आहे त्याचं माप) २५ ते ५० मिलिमीटरच मागवा, आणि ओतायला खालच्या टोकापासून वर जा. खालच्या टोकाला स्लॅबखाली ३० सेंटीमीटर खोल आडवी टाच द्या, ती स्लॅबला घसरू देत नाही.

जोड, म्हणजे भेग ठरल्या रेषेतच पडावी म्हणून दिलेला आडवा काप, चार मीटरला एक, जाडीच्या एक तृतीयांश खोल. कापायची वेळ ६ ते १२ तासांच्या आत, म्हणजे सकाळी ओतलं तर रात्री. "उद्या सकाळी कापू" म्हणणाऱ्याच्या आधी काँक्रीट स्वतःच कापून घेतं, वेड्यावाकड्या रेषेत. पृष्ठभागावर तारेच्या ब्रशने आडव्या रेघा, १२ टक्क्यांच्या पुढे माशाच्या काट्यासारख्या दोन्ही कडांकडे उतरत्या खाचा. सरळ आडव्या खाचांत पाणी थांबतं, शेवाळ धरतं आणि जुलैत त्यावरून दुचाकी घसरते. क्युरिंग चौदा दिवस, गोणपाट सतत ओलं. टँकर अठ्ठावीस दिवसांनी. ओतण्याआधी खालून दर प्लॉटसमोर एक याप्रमाणे ११० मिलिमीटरचे रिकामे पाइप आडवे टाकून ठेवा, त्यांची तोंडं बुचाने बंद करून. पाण्याच्या आणि फायबरच्या लाइनसाठी नवा रस्ता कापण्याइतकं वाईट काही नाही.

पेव्हर ब्लॉक क्लबहाउससमोर, सपाटीला ठीक, ८० मिलिमीटर जाडीचे आणि कडेला काँक्रीटचा पट्टा देऊन. चढावर त्यांच्यातली वाळू धुऊन जाते आणि ब्लॉक एकमेकांवर सरकतात.

एक धोक्याची खूण वेगळी ओळखा. दरीकडच्या कडेला रस्त्यात धनुष्याकृती भेग पडली, पलीकडचा भाग बोटभर खचला, तर ती रस्त्याची भेग नाही, भराव सुटतोय. त्यावर मुरूम टाकून सपाट करू नका, वजन वाढतं. वाहनं थांबवा, भेगेत पाणी जाऊ नये म्हणून ताडपत्री घाला, वरचं पाणी वळवा आणि माती-तज्ज्ञ इंजिनीअरला बोलवा. संरक्षक भिंतींची पाण्याची भोकं बुजलीत का हेही त्याच दिवशी सळई घालून बघा.

टँकर, डंपर आणि गतिरोधक

रस्त्याचं नुकसान ॲक्सलच्या वजनाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतं. मोटारीचा ॲक्सल पाऊण टनाचा आणि भरलेल्या डंपरचा दहा टनांचा धरला तर डंपरचा एक ॲक्सल मोटारीच्या ॲक्सलच्या तीस हजार पट रस्ता खातो. म्हणून "आम्ही महिन्यातून एकदाच येतो" हा काही प्लॉटधारकांचा युक्तिवाद जितका खरा तितकाच गैरलागू. महिन्यातून एकदा येणाऱ्याचं बांधकाम चालू असताना त्याच्याकडे दीडशे डंपर येऊन गेलेले असतात. बांधकामाला परवानगी देताना अनामत घ्या, गेटपासून प्लॉटपर्यंतचे फोटो दोघांच्या सह्यांनी ठेवा, जुलै ते सप्टेंबर अवजड गाड्या बंद, आणि पाण्याचा टँकर दहा हजारऐवजी पाच हजार लिटरचा.

गतिरोधक करायचा तर इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाने: ३.७ मीटर रुंद, मध्ये १० सेंटीमीटर उंच, गोलाकार. गावात दिसतात तसे वीतभर रुंदीचे उंचवटे गाडीचा तळ खरवडतात आणि वरच्या बाजूला पाणी अडवतात. बोल्टने ठोकलेले रबरी पट्टे डांबरात भोकं पाडतात, त्या भोकांतून पाणी आत जातं.

महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून आणि माथेरान २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. तिथे रस्ता रुंद करणं, डोंगर कापणं, झाड तोडणं यांपैकी काहीही ठेकेदाराच्या "चालतं साहेब" वर सुरू करू नका. माथेरानमध्ये तर मोटारीचाच प्रश्न येत नाही.

पैसे आणि बिल

वर्गणी ठरवायचं सूत्र साधं ठेवा: प्रत्येक तुकड्याचं क्षेत्रफळ गुणिले आजचा दर, भागिले आयुष्याची वर्षं. या पावसात मुरमाला तीन-चार वर्षं धरा, कारपेटला पाच, नीट केलेल्या काँक्रीटला वीस. बेरीज प्लॉटांच्या क्षेत्रफळाप्रमाणे वाटा. रिकाम्या प्लॉटवाल्यालाही, कारण त्याच्या प्लॉटवर पडलेलं पाणीही त्याच गटारातून जातं. सहकारी संस्था नोंदवलेली असेल तर थकबाकी वसूल करायला १९६० च्या सहकार कायद्याचा आधार मिळतो. नुसत्या बिल्डरबरोबरच्या मेंटेनन्स करारावर वसुली फार अवघड जाते.

ठेकेदाराच्या बिलातले दहा टक्के एक पूर्ण पावसाळा उलटेपर्यंत राखून ठेवा, आणि ते आधी कोटेशनमध्येच लिहा. थराची जाडी बिल देण्याआधी तीन ठिकाणी खड्डा घेऊन मोजा. जागा तुम्ही निवडा, त्याने दाखवलेल्या नको.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात दोन माणसं चार दिवस लावून सगळी गटारं, गाळखड्डे आणि मोऱ्यांची तोंडं साफ करून घ्या. काढलेला गाळ गटाराच्या काठावर ढीग करून सोडला तर पहिल्याच पावसात परत आत जातो, म्हणून तो त्याच दिवशी उचलायचा. वॉचमनकडे पहार, दोन फावडी, घमेली, लांब दांड्याचा दाताळ, विजेरी आणि मोऱ्यांचे आकडे लिहिलेला कागद असू द्या. मुसळधार पाऊस लागला की त्याने रात्री दोन फेऱ्या मारून प्रत्येक मोरीच्या तोंडावरचा पाला दाताळाने ओढायचा, पाण्यात उतरायचं नाही, आणि वहीत वेळ लिहायची.